साहेबाचा टाक

दिवाळीच्या आधीची दुपार. देव घासायला घेतले होते. हे काम आमच्याकडे माझ्याच वाट्याला येतं आणि मीही नाही म्हणत नाही. तासभर कुणाशी न बोलता बसायची एवढी सभ्य सबब दुसरी नाही. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, भवानीचा टाक आणि शेवटी तो, नाव नसलेला. लहानपणी आजीला विचारलं होतं, हा कुठला देव गं? "आहे एक," म्हणाली आणि गंध लावून मोकळी झाली.

या खेपेला उन्हात तिरका धरला, तर देवाला नाकडोळेच नाहीत. एकमेकांत गुंतलेली दोन इंग्रजी अक्षरं, पी आणि जी. वर कडी तुटल्याची खूण. मेडल! चाळीस वर्षं आम्ही एका मेडलला नैवेद्य दाखवत होतो.

मग कसलं घासणं. भिंग शोधलं. काठावर बारीक ठसे होते. चालता सिंह, म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात 925 भाग शुद्ध. शेजारी जहाजाचा नांगर, म्हणजे इंग्लंडातलं बर्मिंगहॅम. समुद्राचा पत्ता नसलेल्या गावाला नांगर का दिला असेल, देव जाणे. 1890 पर्यंत तिकडच्या चांदीवर राजाराणीचं मुंडकंही ठोकत, कर भरल्याची खूण म्हणून. ते इथे नव्हतं, म्हणजे मेडल बहुधा त्यानंतरचं. नेमकं साल सांगणारं एक अक्षरही असतं, पण तिथे हात फिरवला तर गुळगुळीत. मागे जिंकणाऱ्याचं नाव असणार, तिथेही तेच. राख आणि रांगोळी. तीन पिढ्यांनी भक्तिभावाने पुरावा घासून काढला होता.

पी. जी. म्हणजे पूना जिमखाना, हे मी ठरवूनच टाकलं. मग लक्षात आलं, 1885 चा मुंबईचा पारशी जिमखानाही पी. जी.च. धाकटे काका म्हणाले, आजोबांनी साहेबाला टेनिसमध्ये हरवलं होतं. आजोबांना मी धोतर सावरत बस चुकवताना पाहिलंय. आत्याच्या मते कुणीतरी उसन्या पैशांपोटी ते ठेवलं आणि सोडवायला आलंच नाही. हे मात्र आमच्या घराण्याला शोभतं.

पण पूना जिमखाना म्हटलं की मला मेडलं नाही, पालवणकर बाळू आठवतात, दलित घरात जन्मलेले थोर गोलंदाज. महिना 4 रुपयांवर पुण्यातल्या साहेबांच्या क्लबात रोलर फिरवायचे, नेट लावायचे आणि साहेबांना तासन्‌तास डावखुरी गोलंदाजी टाकायचे. फलंदाजी साहेबांची. पुढे ते हिंदूंच्या क्रिकेट संघाकडून खेळले. पुण्यात सामन्याच्या मधल्या वेळी बाकीचे आत चहा घेत, बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. देणारे साहेब नव्हते, आपलेच होते. 1906 साली मुंबईत युरोपियनांच्या संघाला हरवणाऱ्या हिंदूंच्या संघात बाळू होते.

आजीच्या देवघराला सोवळं लागायचं. आम्हा नातवंडांनाही आंघोळीशिवाय हात लावू द्यायची नाही. हे चांदीचं चकतं कुणाच्या छातीवरून आलं, कुणाच्या घामाचं, ते मात्र तिने कधी विचारलं नाही.

"झाले का देव?" आतून हाक आली.

"एक राहिलाय," म्हटलं. मग तो कोरड्या फडक्याने नुसता पुसला आणि बराच वेळ हातातच धरून बसलो.