बॅगपाईप ऐकायचा तर ऑगस्टमध्ये ग्लासगोला

स्कॉटलंडला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक बॅगपाईप ऐकतात तो एडिंबराच्या रॉयल माईलवर. किल्ट घातलेला एक पाईपर, समोर नाण्यांसाठी उघडी पेटी आणि फिरून फिरून त्याच चाली. तेवढ्यावर हे वाद्य कर्कश ठरवू नका. वेव्हर्ली स्टेशनवरून ग्लासगो क्वीन स्ट्रीटची गाडी पकडा, तासाभराच्या आत पोचता.

आम्ही गेलो होतो जागतिक पाईप बँड स्पर्धेला. १९४७ पासूनची ही स्पर्धा हल्ली ऑगस्टच्या मध्यात, शुक्रवार-शनिवारी ग्लासगो ग्रीन मैदानावर भरते. बँड गोल करून वाजवतो, म्हणजे प्रेक्षकांकडे चक्क पाठ! परीक्षक भोवताली फिरत टिपणं घेतात. स्टँडचं तिकीट वेगळं असतं. ते घेतलंत तरी बराच वेळ बाहेर काढा, कारण खरी मजा मैदानाच्या कडेला आहे. रिंगणात जाण्याआधी बँड तिथे वाद्यं जुळवतात आणि अगदी जवळ उभं राहून ते ऐकता येतं. एका बॅगपाईपला तीन ड्रोन, म्हणजे अखंड वाजणारे आधारस्वर. वीस पाईपर असले तर साठ ड्रोन. मुख्य पाईपर एकेकाच्या खांद्याशी जाऊन नळ्या किंचित वरखाली सरकवतो आणि हळूहळू ते साठ मिळून एक होतात.

बोटांखालच्या नळीला, चँटरला, स्वर फक्त नऊ. आवाज लहानमोठा करता येत नाही, मध्ये थांबताही येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मधे निमिषभराचा कण, म्हणजे दुसऱ्या स्वराचा ओझरता स्पर्श, टाकावा लागतो. सगळी कारागिरी त्या कणांत आहे.

स्पर्धेआधीच्या आठवड्यात शहरभर ‘पाईपिंग लाईव्ह’ महोत्सव असतो, त्यातले रस्त्यावरचे बरेच कार्यक्रम फुकट. वेळ काढून एकल वादनातला ‘क्योल मोर’ ऐकाच. स्काय बेटावरच्या मॅकक्रिमन घराण्याने, मॅक्लाऊड सरदारांच्या पिढीजात पाईपरांनी, गाजवलेला हा प्रकार. आधी संथ मूळ चाल, मग तिच्यावर चढत जाणारे अलंकार, शेवटी पुन्हा मूळ चाल. विलंबित ख्यालाला बसायची सवय असेल तर पंधरा मिनिटं जड जाणार नाहीत.

क्वीन स्ट्रीटपासून दहा मिनिटांवर नॅशनल पाईपिंग सेंटर आहे. तिथलं संग्रहालय छोटं, पण चुकवू नका. या वाद्याचा इतिहासही ऐकण्यासारखा. ब्रिटिश राजाविरुद्ध उठलेल्या स्कॉटिश बंडखोरांचा कलोडनच्या लढाईत पराभव झाला, त्यानंतर १७४६ मध्ये त्यांच्यातल्या जेम्स रीड या पाईपरला इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये फाशी झाली. मी फक्त वाजवत होतो, हा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. त्याच वर्षीच्या कायद्याने बॅगपाईपवर बंदी आली असं गाईड हमखास सांगतात. कायद्यात मात्र वाद्याचं नावही नाही. पुढे त्याच ब्रिटिशांच्या फौजेबरोबर पाईपर जगभर गेले. १८९७ मध्ये वायव्य सरहद्दीवर दरगाईच्या चढाईत जॉर्ज फिंडलेटर पायांना गोळ्या लागूनही बसून वाजवत राहिला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या लष्करातले पाईप बँड याच परंपरेतून आलेले.

आता किरकोळ गोष्टी. रेनकोट हवाच, छत्रीने मागच्यांना दिसत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर कानात घालायचे बोळे घ्या. पर्यटकी दुकानांतला स्वस्त बॅगपाईप शोभेपुरताच. शिकायचं मनात असेल तर पिशवी नसलेला सरावाचा चँटर घ्या, सगळे त्याच्यावरच सुरुवात करतात. शनिवारचा निकाल संध्याकाळी, सगळ्या बँडांच्या संचलनानंतर लागतो. म्हणून त्या रात्रीची खोली ग्लासगोतच आणि काही महिने आधी घेऊन ठेवा.