ते ड्रम्स परत लाव की!

आज टिळकवाडीत मित्राच्या गच्चीवर ऐंशीच्या दशकातली गाणी ऐकत बसलो होतो. प्रत्येकानं आपलं एक लाडकं गाणं लावायचं, एवढंच ठरलेलं. कुणी अ-हा बँडचं 'टेक ऑन मी' लावलं, कुणी युरोप बँडचं 'द फायनल काउंटडाउन'.

माझं ठरलेलंच. फिल कॉलिन्सचं १९८१ चं 'इन द एअर टुनाइट'. साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ गाणं दबा धरून बसतं आणि मग ते ड्रम्स कोसळतात! अंगावर काटा येतो, अजूनही. ड्रम्सचा हा आवाज गायक पीटर गॅब्रिएलच्या १९८० साली आलेल्या अल्बमचं काम चालू असताना गवसला. ड्रम्सवर कॉलिन्सच, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम. घुमारा भरपूर फुलू द्यायचा आणि मधेच कचकन तोडायचा. पुढं सगळ्या दशकानं तो उचलला.

मित्राचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, "काका, ते ड्रम्स परत लाव की!" लावलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

शेवटी डायर स्ट्रेट्सचं 'मनी फॉर नथिंग'. (सुरुवातीचा तो उंच आवाज गायक स्टिंगचा बरं का.)

पुढच्या बैठकीला क्वीन बँड. तुमचं गाणं कुठलं? खाली लिहा, सगळी ऐकणार आहे.