मढे घाट: कर्णवडीच्या अलीकडून परत

शनिवारी दुपारी पाऊस उघडला आणि संध्याकाळी धाकट्या चुलतभावाचा फोन, "दादा, उद्या मढे घाट?" कोकणातून घाटमाथ्यावर चढणारी ही जुनी पायवाट. चार दिवस पाऊस नुसता कोसळत होता. बाणकोटला सावित्री खाडीत उतरते तिथलं पाणी अजून तांबडंलाल होतं. एवढी माती डोंगरावरूनच सुटून आली असणार, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. ऊन बघून भुललो.

मंडणगड, महाड, बिरवाडी करत पायथ्याच्या रानवडीला पोचलो. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, खड्डे नेहमीचेच. गावात एका ओटीवर बसलेले आजोबा म्हणाले, "पाऊस थांबला म्हणून काय झालं? डोंगर पानी पिऊन बसलाय."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, वेगळ्या भाषेत. मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला तेव्हा सर बजावायचे की नवा बर्फ पडून वारा सुटला की पुढचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आकाश कितीही निळं असो. वारा एका अंगाचा बर्फ उचलून धारेपलीकडे थापतो आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावर तो थर कधी सुटेल सांगता येत नाही. आपल्याकडे बर्फाच्या जागी पाणी. समुद्रावरचा वारा ढग कड्यावर रेटतो, त्यामुळे खाली रिमझिम असताना घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पडत असतो. मुरलेलं पाणी खालच्या कातळापाशी अडतं, वरच्या मातीची पकड सुटते, आणि हे पाऊस थांबल्यावरही चालूच राहतं. म्हणून निघण्याआधी महाडचा नाही, माथ्यावरचा पाऊस बघा, आणि एका दिवसाचा नाही, तीन-चार दिवसांचा. 22 जुलै 2021 ला याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली, त्या सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर झाला होता.

तरीही आम्ही निघालो. "वाटेतल्या कर्णवडी गावापर्यंत जाऊन बघू," असं स्वतःला समजावत.

पहिला अर्धा तास छान. मग वाटेच्या वरच्या अंगाला बोटभर रुंद भेग दिसली, गवतातून आडवी गेलेली. कडा ताज्या, आत कोरडं पान नाही. पुढे दोन झाडं उताराकडे कललेली. कललेली झाडं सह्याद्रीत पावलोपावली दिसतात, पण जुन्या झाडाचा बुंधा वाकून पुन्हा सरळ वर जातो. ही बुडापासून शेंड्यापर्यंत सरळच्या सरळ कललेली होती, म्हणजे नुकतीच. भाऊ म्हणाला, "वाऱ्यानं असेल." असेलही. पण वाऱ्यानं मुळं हलली तरी त्या फटीतून पाणी आतच जातं.

परत फिरायचं ठरलं ते पऱ्यावर, म्हणजे डोंगरातल्या छोट्या ओढ्यावर. ओलांडायला पाय टाकणार तोच पाणी डोळ्यांदेखत कमी झालं आणि दुधाळ झालं. पाऊस नसताना पऱ्या असा अचानक आटला, तर वर कुठेतरी माती-झाडं आडवी पडून पाणी तुंबलंय असं समजायचं. अशा वेळी पऱ्याच्या काठाकाठानं खाली पळू नये. बाजूच्या सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, चढावं. आम्ही कारवी धरधरून चढलो, हात सोलवटले. दहा-बारा मिनिटांनी चिखल, दगड आणि एक अख्खी फांदी घेऊन लोंढा गेला. मोठा नव्हता. पण आम्ही उभे होतो ती जागा त्यात होती.

परत येताना सोंड सोडली नाही, लांब पडली तरी. एक जण चालणार, दुसरा वर नजर ठेवून थांबणार. भेगेचा फोटो आणि जागा रानवडीत दाखवली, तिथून तलाठ्यांना फोन गेला. तुम्हाला भेग दिसली तर एवढं कराच, कारण आपण संध्याकाळी घरी जातो, वाडी तिथेच झोपते.

आजोबा ओटीवरच होते. काही बोलले नाहीत, फक्त आत वळून दोन चहा सांगितले.