आमची वाटचाल : एका गिऱ्हाइकाच्या मापाचा कारखाना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पंपाचे बिडाचे भाग तयार होतात. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, इंपेलर म्हणजे आत फिरणारं पंखा-चाक, बेअरिंग हाउसिंग, कव्हर. ओतकामापासून मशीनिंग, प्रेशर टेस्टिंग, रंग आणि पॅकिंगपर्यंत सगळं एकाच छपराखाली. आज आमचा माल तीन खंडांत जातो हे सांगताना अभिमान वाटतोच. पण या वाटचालीत आमच्या मनाला सगळ्यात जास्त लागून राहिलेला प्रश्न वेगळा आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकावर, एका मोठ्या देशावर किती विसंबायचं? अमेरिकेने आयात कर वाढवल्यापासून बेळगावातल्या चहाच्या टपरीवरही हा विषय निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेळगावला लोखंडाचं काम नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते इथेच, आणि त्यांचे लोखंडी नांगरही इथेच घडले. १९१० मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. मागे राहिलेल्या गावात हातांना ते वळण राहिलं असं आमचे बाबा म्हणायचे. बाबा स्वतः टर्नर. ऐंशीच्या दशकात भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर त्यांनी जॉब वर्क सुरू केलं. काम यायचं कोल्हापूरच्या ऑइल इंजिनवाल्यांकडून. कास्टिंग टेम्पोतून यायचं, मशीनिंग करून परत जायचं, आणि पैसे पुष्कळदा दिवाळीलाच मिळायचे. पुढे स्वतःची भट्टी आली, निपाणी-हुक्केरीकडचे शेतीपंपवाले आले, हुबळीचे व्हॉल्व्हवाले आले. गिऱ्हाइकं बारकी होती आणि बरीच होती. एखाद्याने पैसे बुडवले तर बाबा दोन दिवस गप्प राहायचे आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या कामाला लागायचे.

मी गोगटे इन्स्टिट्यूटमधून मेकॅनिकल करून कारखान्यात आले तेव्हा निर्यात हा शब्द आमच्याकडे फक्त आशेने उच्चारला जायचा. पहिली ऑर्डर आली ती एका अमेरिकन पंप कंपनीची. त्यांचा माणूस उद्यमबागेतले कारखाने बघत फिरत होता. आमच्याकडे येऊन त्याने पहिल्यांदा साच्याच्या वाळूची चाचणी कुठे करता ते विचारलं, मशीनकडे नंतर वळला. त्या कंपनीने आम्हाला जे शिकवलं त्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचा, नमुना जपून ठेवणं, प्रत्येक मापाचा कागद, नमुना मंजुरीची ती जाडजूड फाइल, समुद्रावरून जाताना गंज धरू नये म्हणून तेल लावून खास पिशवीत घातलेला माल, उष्णतेची प्रक्रिया करून शिक्का मारलेली लाकडी पॅलेट. आमच्या मोल्डरच्या बोलण्यात 'चालतंय की' असायचं, त्या जागी 'मापून बघू' आलं ते त्यांच्यामुळे. पैसे ठरल्या दिवशी बँकेत यायचे. बारक्या गिऱ्हाइकांच्या मागे उधारीसाठी फिरलेल्या बाबांना त्याचं केवढं अप्रूप होतं!

मग वर्षागणिक त्यांचा वाटा वाढत गेला आणि एका टप्प्यावर आमच्या विक्रीतला अर्ध्याहून जास्त माल एकट्या त्यांचा होता. हे वाढणं ऑर्डरच्या आकड्यात दिसतं तसं जमिनीवरही दिसतं. मोठं होरिझॉन्टल मशीन घेतलं ते त्यांच्या केसिंगच्या मापाचं. मशीनवर भाग पकडून ठेवणारी फिक्स्चर त्यांची. माळ्यावरच्या रॅकमधले अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे ठसे, त्यांच्या मालकीचे, प्रत्येकावर त्यांच्या नंबरची पट्टी रिव्हेट केलेली. आणि केसिंगच्या पोटावर, ओततानाच, त्यांचं चिन्ह आणि पार्ट नंबर उठावदार अक्षरांत. ग्राइंडरने ती अक्षरं घासून काढली तरी तो तुकडा दुसऱ्या कुणाच्या पंपाला बसत नाही. शेतकऱ्याचा कोबी एका बाजारात नाही खपला तर दुसऱ्या बाजारात नेता येतो, आमच्या केसिंगला दुसरा बाजारच नसतो.

कोबीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. बेळगाव तालुक्यातली भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. माझ्या नणंदेचं घर कडोलीत. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागलं, सीमा बंद झाल्या, तेव्हा तिकडे पणजी-म्हापशाला भाजी मिळेना आणि इकडे तिच्या शेतात काढणीला आलेला माल उभा. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, तिकडं लोकं उपाशी आणि इकडं ढोरांना घालायची पाळी. कुणाचं कुणावाचून अडलंय काही कळंना झालंय." विसंबणं दोन्ही बाजूंनी असतं, हे मी तिच्याकडून शिकले. फरक एवढाच, की गोव्याचं अडलं की सरकार दोन-चार दिवसांत हलतं. कडोलीचं अडलं तर ते कडोलीलाच कळतं.

आम्हाला पहिला धक्का बसला होता तो २००८ ला. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, आणि नाताळ यायच्या आत आमचं शेड्यूल निम्म्यावर आलं. तेव्हा बाबांच्या जुन्या गिऱ्हाइकांनी तारलं. शेतीपंपांचं काम आम्ही कमी केलं होतं, पण बंद केलं नव्हतं. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेने भारताला दिलेली जीएसपीची, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला आयात करात मिळणारी, सवलत काढून घेतली. त्या वेळी दरात थोडी घासाघीस झाली आणि गाडी पुढे गेली. दोन्ही वेळेला आम्ही निभावलो, आणि निभावलो म्हणून रचना तशीच राहिली.

माझा विचार बदलला तो एका न्यूझीलंडच्या पाहुण्यामुळे. डेअरीत लागणाऱ्या पंपांचे भाग बघायला आलेला साठीचा इंजिनिअर, घराणं दूधवाल्या शेतकऱ्यांचं. जेवताना मी त्याला आमची विक्री कुठे कुठे जाते ते सांगितलं. अमेरिकेचा आकडा ऐकल्यावर त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "माझ्या वडिलांचं लोणी असंच सगळं इंग्लंडला जायचं."

त्याने सांगितलेली गोष्ट मी नंतर वाचून पक्की केली. १८८२ साली 'डनेडिन' नावाच्या जहाजातून न्यूझीलंडचं गोठवलेलं मटण पहिल्यांदा लंडनला पोहोचलं, आणि त्यानंतर तो सगळा देश ब्रिटनच्या स्वयंपाकघरासाठी शेती करू लागला. लोणी, चीज, मटण, लोकर. १९५० च्या सुमारास त्यांच्या निर्यातीतला दोन-तृतीयांश माल एकट्या ब्रिटनला जात होता. गोठे, कारखाने, बंदरं, जहाजांची वेळापत्रकं, सगळं त्या एका गिऱ्हाइकाच्या मापाचं. १९६१ मध्ये ब्रिटनने युरोपच्या सामायिक बाजारात जायचा अर्ज केला. फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये तो अडवला, आणि शेवटी १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन आत गेलं. लोणी-चीजसाठी न्यूझीलंडने काही वर्षांची सवलत मागून घेतली होती, तरी दार हळूहळू लागतच गेलं.

मला यात लागलं ते हे, की त्यांना चांगली बारा वर्षं आधी खबर होती. आणि तरीही बारा वर्षं त्यांना जास्त झाली नाहीत. गाय बदलायला, कारखाना बदलायला, जपानी किंवा अरब माणूस काय खातो ते शिकायला एक पिढी जाते. पुढची गोष्ट तर आणखी विचार करण्यासारखी आहे. २००८ मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार करणारा न्यूझीलंड हा पहिला विकसित देश ठरला, आणि आज त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन आहे. पाहुणा म्हणाला, "आमची मुलं आता चीनची बातमी तशी ऐकतात, जशी आम्ही लंडनची ऐकायचो."

त्या दिवसापासून मी टक्क्यांचा हिशेब बाजूला ठेवला. विक्रीतला किती हिस्सा एकाचा आहे यापेक्षा, उद्या तो गेला तर त्याच मशीनवर, त्याच माणसांकडून दुसऱ्याचं काम सुरू व्हायला किती काळ लागेल, हे मी मोजायला लागले. नवा पॅटर्न, नमुने, त्यांची मंजुरी, पहिली बॅच, मग हळूहळू नियमित ऑर्डर. आमच्या धंद्यात याला सहज वर्ष-दीड वर्ष जातं. कर मात्र एका रात्रीत लागतो.

२०२५ मध्ये तसंच झालं. लोखंड-पोलादावरचा अमेरिकेचा कर जूनमध्ये ५० टक्के झाला. ७ ऑगस्टपासून भारताच्या मालावर २५ टक्के, आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५. कुठल्या पार्टला कुठला कर लागणार हे कस्टमच्या कोडवर ठरायचं, त्यामुळे एकाच पॅलेटवरच्या दोन भागांना दोन हिशेब लागायचे. वाढीव करात एक सवलत होती. २७ ऑगस्टच्या आत जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे उतरून सोडवलेला माल सुटत होता. पण न्हावाशेवा बंदरातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायलाच महिन्याच्या वर लागत होता, कारण तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. ऑगस्टच्या मध्यानंतर निघालेल्या कंटेनरला ती सवलत मिळणं शक्यच नव्हतं.

गिऱ्हाइकाचा मेल आला तेव्हा पॅकिंगमध्ये माल पट्ट्या मारून तयार होता. दोन ओळींचा मेल, पुढची सूचना येईपर्यंत थांबवा. पॅकिंगचे मेस्त्री म्हणाले, "ताई, भट्टीत आजचा माल वितळलाय, तो ओतायचा का न्हाई तेवढं सांगा." ओतला. वितळलेलं लोखंड कुणाच्या मेलची वाट बघत नाही. पुढच्या आठवड्यापासून भट्टी दिवसाआड लावली. वितळवणं कमी केलं तरी विजेचा ठरीव आकार तेवढाच येतो, हे फाउंड्रीवाल्याला वेगळं सांगायला नको.

कर भरतो तिथला आयातदार, हे खरं. पण तो बोजा वाटून घ्या म्हणून पत्र आम्हालाच येतं. मी आमचा नफा-तोट्याचा कागद उघडून त्यांच्यासमोर ठेवला. अमुक इतकी सूट, अमुक महिन्यांपुरती, आणि तयार पडलेला माल आधी उचलायचा, असं ठरलं. वीस वर्षांचा विश्वास तिथे कामी आला. त्याच काळात न्यूझीलंडच्या नमुन्यांना मंजुरी मिळाली होती, जर्मनीतल्या एका व्हॉल्व्हवाल्याचं काम सुरू झालं होतं, आणि शेतीपंपांचा हंगाम तोंडावर होता. कुणालाही कामावरून काढावं लागलं नाही. हे लिहिताना मला फार बरं वाटतं.

लेसोथोबद्दल मी याच दिवसांत वाचलं. दक्षिण आफ्रिकेने चारी बाजूंनी वेढलेला, तेवीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश. अमेरिकेने आफ्रिकी देशांच्या मालासाठी २००० साली केलेल्या करसवलतीच्या कायद्यावर तिथे जीन्स शिवणारे कारखाने उभे राहिले आणि हजारो बायकांच्या हाताला काम मिळालं. एप्रिल २०२५ मध्ये त्या देशावर ५० टक्के कर जाहीर झाला. ऑगस्टमध्ये तो १५ टक्क्यांवर आणला, पण मधल्या काळात ऑर्डरी थांबल्या त्या थांबल्याच. आपला देश मोठा आहे. २०२४-२५ मध्ये भारताच्या मालाच्या निर्यातीतला सुमारे पाचवा हिस्सा अमेरिकेला गेला, बाकी जग उरतं, आणि घरचा बाजार केवढा तरी आहे. पण उद्यमबागेतला एखादा कारखाना, त्याच्या भोवतीची गल्ली, हा एक छोटा लेसोथोच असतो.

कारण आमच्या खालीही माणसं आहेत. मच्छेतले पॅलेटवाले, अनगोळचे फेटलिंगचे, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करून देणारे, ठेकेदार, पॅटर्न दुरुस्त करणारे काका, न्हावाशेव्यापर्यंत माल नेणारे ट्रकवाले. अमेरिकेतल्या त्या कंपनीचं नावही त्यांना माहीत नाही. ज्या आठवड्यात भट्टी दिवसाआड झाली, त्या आठवड्यात फेटलिंगच्या ठेकेदाराने निम्मी माणसं घरी पाठवली. त्याचं सगळं काम आमच्याकडूनच जायचं. आम्ही अमेरिकेकडे बघत होतो, तो आमच्याकडे.

म्हणून आता आमच्याकडे दोन गोष्टी ठरल्या आहेत. नवं मशीन घ्यायचं तर त्यावर निदान दोन वेगळ्या गिऱ्हाइकांचे भाग बसले पाहिजेत, आणि मोठ्या गिऱ्हाइकाचं काम जोरात असतानाच दुसऱ्या कुणाची तरी नमुना मंजुरी सुरू असली पाहिजे. त्याला खर्च येतो. मोठी ऑर्डर आली तर मी ती आजही घेईन, आनंदाने घेईन, पण तिच्या नफ्यातला काही भाग या दुसऱ्या कामासाठी काढून ठेवीन. आणि आमच्या ठेकेदारांना आम्ही स्वतःहून सांगितलं, बाहेरचं काम घ्या. तीन महिन्यांचं शेड्यूल त्यांना आधी देतो, आणि ४५ दिवसांच्या आत बिल देतो. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात ती मुदत आहेच. २०२४ च्या एप्रिलपासून ती न पाळणाऱ्याला आयकरात त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, म्हणून तरी सगळ्यांनी पाळावी. फेटलिंगवाल्याने आता शिनोळीच्या एका कारखान्याचं काम धरलं आहे. आमच्याकडे घाई असली की कधी कधी तो वेळेवर मिळत नाही, आणि ते मला मान्य आहे.

उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती भागातल्या ज्या तरुणांना निर्यातीत उतरायचं आहे, त्यांच्यासाठी आमच्या फाइली उघड्या आहेत. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक कसा काढायचा, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारा ईसीजीसीचा विमा, डॉलरचं फॉरवर्ड बुकिंग म्हणजे पुढच्या तारखेचा दर आधीच बँकेत ठरवून ठेवणं, मंजुरीचे कागद कसे लावायचे, सगळं दाखवू. शनिवारी दुपारनंतर मी कारखान्यातच असते.