दोन बॅटऱ्यांची बेरीज

निघण्यापूर्वी मी व्होल्टेज मोजलं होतं: २५.३. आमच्या होडीच्या चोवीस व्होल्टच्या ट्रोलिंग मोटरीला, म्हणजे होडी ढकलणाऱ्या बॅटरीवरच्या छोट्या मोटरीला, तेवढं पुरेसं होतं. सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून, दोन बॅटऱ्या होत्या; अशाने व्होल्टेजची बेरीज होते. एक नवी डीप सायकल (खोलवर वापरून पुन्हा चार्ज करण्यासाठी बनवलेली), १०० एएचची, म्हणजे अँपिअर-तासांची. दुसरी चार वर्षांची, ७५ एएचची. जुनी अजून चालतेय, मग काढायची कशाला, असं वाटायचं. दोन्ही बारा व्होल्टच्या, दोन्ही लेड-ॲसिड.

पाण्यावर पाऊण तास झाला असेल. वारा समोरून होता, म्हणून मोटर जवळजवळ पूर्ण वेगात ठेवली होती. एकाएकी तिचा आवाज खाली आला. दादा म्हणाला, "अरे, मोटर दमली वाटतं." पंख्यात गवत अडकलं असेल म्हणून वर उचलून पाहिलं, काहीच नव्हतं. वल्ही काढली आणि आलटून पालटून वल्हवत काठाला आलो.

काठाशी दादाने मोटर पाण्यात धरून चालू ठेवली आणि मी एकेका बॅटरीवर मल्टीमीटर लावला. नवी १२.०. जुनी ९.४. इतके दिवस मी फक्त बेरीज मोजत होतो, आणि तीही मोटर बंद असताना.

सिरीजमध्ये दोन्ही बॅटऱ्यांमधून करंट एकच वाहतो. जुनीतून चाळीस अँपिअर जात असतील तर नवीतूनही चाळीसच. त्यामुळे लहान बॅटरी संपली की जोडी संपली, मोठीत कितीही शिल्लक असो. आणि ७५ एएच हा आकडा वीस तासांत सावकाश उतरवण्याचा, म्हणजे पावणेचार अँपिअरचा. चाळीस अँपिअर ओढले तर नवी बॅटरीसुद्धा तेवढं देत नाही, मग चार वर्षांची कुठून देणार? त्यातही थांबलो नाही, तर नवी बॅटरी त्या रिकाम्या बॅटरीतून करंट रेटत राहते. सहा सेलपैकी सर्वांत कमजोर सेल आधी उलटा होतो, त्याचे प्लस-मायनस बदलतात. असा मार खाल्लेला सेल सहसा धड होत नाही.

पण मला जास्त वाईट वाटलं ते नव्या बॅटरीचं. दोन्हींना मिळून मी एकच चोवीस व्होल्टचा चार्जर लावत होतो. चार्जर पाहतो ती एकूण २८.८ची बेरीज. आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर साचलेल्या जुन्या बॅटरीचं व्होल्टेज लवकर चढतं. ती १५.२वर गेली की नवीच्या वाट्याला १३.६ उरतात आणि चार्जर समजतो, झालं. जुनी उकळत राहते, तिचं पाणी आटतं. नवी अर्धपोटी राहते, आणि अर्धपोटी राहिलेल्या लेड-ॲसिडवर सल्फेट बसतंच. म्हणजे जुनी वाचवण्याच्या नादात मी नवीलाही म्हातारी करत होतो.

बारा व्होल्टची मोटर असती तर दोन्ही पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडता आल्या असत्या. तिथे एएच वेगळे असले तरी एवढं बिघडत नाही, कमी रोधाची बॅटरी आपोआप जास्त भार उचलते. मात्र प्रकार एकच हवा, आणि दोन्ही आधी पूर्ण चार्ज करून मगच जोडायच्या. नाहीतर भरलेली रिकामीत जोरात ओतते, तार तापते. जुनीतला एखादा सेल शॉर्ट असेल, तर रात्रभरात ती चांगलीलाही उतरवून ठेवते. त्यामुळे एका वेळी एकच वापरावी आणि मध्ये सिलेक्टर स्विच लावावा, हे मला बरं वाटतं. लिथियमची बॅटरी लेड-ॲसिडबरोबर सिरीजमध्ये कुणी जोडू नये, असं मी अगदी ठाम सांगेन. तिचं आतलं संरक्षण सर्किट मर्यादा आली की एका झटक्यात करंट तोडतं, आणि तुम्ही भर पाण्यात असता.

आता होडीत एकाच बनावटीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन १०० एएच बॅटऱ्या आहेत. चार्जर दोघींना वेगवेगळा. जुनी बॅटरी फिश फाइंडरला (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) दिली आहे, तो एक अँपिअरही खात नाही. परवा काठाला आल्यावर, मोटर चालू ठेवूनच, दोन्ही मोजल्या: ११.९ आणि ११.९. दादाने आकडे वहीत उतरवले.