डाळिंबाचा दाणा आणि बाईंचे प्रश्न

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर अनेक शिक्षक डोळ्यांपुढे येतात. परंतु मला लिहायचे आहे ते चौथीच्या वर्गातील गोष्टीच्या तासाविषयी, आणि त्यातही एकाच ग्रीक कथेविषयी. त्या तासाला बाईंनी आम्हांला तात्पर्य कधीच विचारले नाही.

कथा पर्सेफोनीची होती. फुले वेचणाऱ्या या मुलीला पाताळाचा राजा हेडीझ रथात घालून पळवून नेतो. तिची आई डीमीटर, म्हणजे धान्याची देवता, हातात मशाली घेऊन नऊ दिवस तिला शोधत फिरते आणि अखेरीस पेरलेले बी उगवूच देत नाही. इथे बाई थांबल्या. ‘‘भांडण देवादेवांचे, मग उपाशी कोण राहिले? हे बरोबर झाले का?’’ असे त्यांनी विचारताच वर्गात दोन तट पडले. आईची बाजू घेणारे मोठ्याने बोलत होते. शेतकऱ्यांच्या घरची मुले मात्र बियाणे वाया गेल्याने हळहळत होती. पुढे, माणसेच मेली तर देवांना नैवेद्य कोण दाखवणार, या काळजीने देवांचा राजा झ्यूस याने माघार घेऊन मुलीला परत बोलावले हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, ‘‘म्हणजे नैवेद्य बंद झाल्याशिवाय देव ऐकत नाहीत!’’ बाई रागावल्या नाहीत. इतरांना हे पटते का, एवढेच त्यांनी विचारले.

खरी चर्चा रंगली ती डाळिंबाच्या दाण्यावर. पाताळात तो दाणा खाल्ल्यामुळे पर्सेफोनीला दरवर्षी वर्षाचा तिसरा हिस्सा तिथे राहावे लागते. हेडीझने तो तिला गुपचूप दिला, असे कथा सांगते. पण आईला भेटल्यावर ती म्हणते, त्याने मला बळजबरीने खायला लावले. ‘‘मग खरे काय?’’ हा प्रश्न बाईंनी स्वतःच रचला असावा, असे मला बरीच वर्षे वाटत होते. महाविद्यालयात असताना प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रांपैकी डीमीटरचे स्तोत्र अनुवादातून वाचले, तेव्हा ही विसंगती मूळ काव्यातच आहे आणि कवीने तिचा उलगडा केलेला नाही, हे कळले.

मुलगी पाताळात असताना जमीन ओसाड राहते ते महिने कोणते, यावर आम्ही एकमुखाने एप्रिल-मे म्हटले. बाईंनी नकाशा काढून ग्रीसमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, हे दाखवले. स्तोत्रात पर्सेफोनी वसंतातल्या फुलांबरोबर परतते, त्यामुळे तिच्या विरहाचा काळ हिवाळा असेच बहुतेक लोक मानतात. तरी तिथला कोरडा उन्हाळाच तो काळ, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. आमचे उत्तर अगदीच पोरकट नव्हते तर!

एक गोष्ट बाईंनी वगळली होती. मुलीला नेण्यास तिच्या पित्याची, म्हणजे झ्यूसची, आधीच संमती होती. नऊ वर्षांच्या मुलांपुढे ते नको, असे त्यांना वाटले असेल, आणि त्यांचा संकोच मी समजू शकतो. पण त्याशिवाय डीमीटरचा देवांवरचा राग नीट कळत नाही. मी ही गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा तो भाग ठेवतो आणि तिथेच थांबून विचारतो, ‘‘आईला आणि मुलीला कोणीच का विचारले नाही?’’