आमची वाटचाल: घाटरस्त्याच्या उजेडाचं काम

संकेश्वरहून निघालेला रस्ता गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत कोकणात उतरतो आणि बांद्याला गोव्याच्या दारात पोचतो. या रस्त्यावर गडहिंग्लजला आमचं दुकान आहे. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिकल वर्क्स' असं लिहिलेलं असलं तरी लोक आम्हाला 'लाईटवाले' म्हणून ओळखतात. गाडीला बाहेरून जादा दिवे बसवणं, जुन्या दिव्यांचा उजेड वाढवणं आणि त्यांचा फोकस नीट लावणं, हे आता आमचं मुख्य काम झालं आहे.

दुकान वडिलांनी, म्हणजे आप्पांनी सुरू केलं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ते हे काम शिकले आणि ऐंशीच्या दशकात गावी परत येऊन त्यांनी एक खोका भाड्याने घेतला. बॅटरी चार्जिंग, डायनामो, सेल्फ, हॉर्न अशी कामं असत. गाड्या म्हणजे ट्रक, जीप, मेटॅडोर आणि क्वचित एखादी अँबॅसिडर. डायनामोच्या गाडीत इंजिन हळू फिरलं की चार्जिंग पडायचं आणि दिवे मिणमिणायचे. जीपला सात इंची गोल सील्ड बीम असायचे. आतली तार गेली की अख्खा दिवाच बदलावा लागे. आप्पा ते काढून वेगळा बल्ब घालता येणारे हॅलोजनचे दिवे बसवून देत. रात्री आंबोली उतरणारे ड्रायव्हर त्यासाठी मुद्दाम थांबत. आमच्या लाईटच्या कामाची सुरुवात तिथली.

मी दुकानात उभा राहू लागलो तेव्हा वडापचा, म्हणजे जीपमधून सीटवारी माणसं नेण्याचा जोर होता. ट्रॅक्स, कमांडर, नंतर सुमो. रात्री-अपरात्री लग्नाची वऱ्हाडं, जत्रा, दवाखान्याच्या फेऱ्या. प्रत्येक ड्रायव्हरची एकच मागणी, "मालक, उजेड पडंना झालाय, मोठा बल्ब टाका की." साठ वॅटच्या जागी शंभर वॅटचा बल्ब बाजारात सहज मिळायचा. पण आप्पांची शिस्त अशी, की आधी बल्बच्या पिनेवर मीटर लावायचा आणि मग बोलायचं. बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि बल्बपाशी जेमतेम 12, असं कितीतरी गाड्यांत निघायचं. कारण सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचातून, बारीक वायरीतून आणि गंजलेल्या अर्थिंगमधून फिरून येणार. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा आहे, की व्होल्टेज 10 टक्के घटलं तर उजेड साधारण 30 टक्के घटतो. त्याच वायरीवर शंभर वॅटचा बल्ब चढवला तर व्होल्टेज आणखी पडणार, वायर तापणार, होल्डर वितळणार आणि आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी जाणार.

म्हणून आम्ही रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, बसवायला लागलो. बॅटरीपासून जाड वायर थेट दिव्याला, आणि डॅशबोर्डवरच्या स्विचाने फक्त रिले चालवायचा. 30 नंबरच्या पिनेवर बॅटरी, 87 वर दिवा, 85 आणि 86 वर स्विचाची बाजू. बल्ब कंपनीचाच, 60/55 वॅटचा. गाडी परत रस्त्यावर गेली की ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी येऊन विचारायचा, "बल्ब कुठला टाकलासा ओ?" बल्ब तोच आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. या कामाने आमचं नाव आजरा, चंदगड, नेसरीपर्यंत गेलं.

जादा दिवे बसवण्याचं काम वाढलं ते आंबोलीमुळे. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी ते एक. पावसाळ्यात तिथे भरदुपारीही ढग रस्त्यावर उतरतात. नवखा माणूस घाबरून अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावतो, आणि समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब तो सगळा उजेड त्याच्याच डोळ्यांकडे परत फेकतात. फॉग लॅम्पचं काम वेगळं असतं. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सुरीने कापल्यासारखी असते, आणि तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो. त्यामुळे उजेड आपल्या नजरेच्या रेषेखालून जातो, रस्त्याची पांढरी पट्टी, कठडा, गटाराची कड दाखवतो. लांबचं तो दाखवत नाही, आणि धुक्यात लांबचं बघायची घाईही करू नये. लांब फेकणारा ड्रायव्हिंग लॅम्प ही अगदी वेगळी वस्तू आहे. तो मोकळ्या, कोरड्या, समोर गाडी नसलेल्या रस्त्यासाठी असतो आणि अप्परबरोबरच पेटला पाहिजे, डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, आलं की त्यानेही विझलं पाहिजे. दोन्ही दिवे दिसायला सारखे असतात आणि पुष्कळ ठिकाणी एकाच्या जागी दुसरा विकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

पिवळा की पांढरा, हा प्रश्न रोज येतो. पिवळा उजेड धुकं फोडतो असं सगळे म्हणतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात, की सगळ्या रंगांचा उजेड ते जवळपास सारखाच पसरवतात. फरक पडतो तो झोताच्या आकाराने आणि दिव्याच्या उंचीने. तरीही आम्ही घाटातल्या गाड्यांना पिवळाच सुचवतो. डोळ्यांना तो कमी खुपतो. निळसर पांढरा उजेड ओल्या डांबरावर हरवून जातो, हे पावसाळ्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरने आम्हाला सांगितलेलं आहे.

आमच्या भागात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे गवे. आजरा ते आंबोली रात्री गाडी चालवणाऱ्याला त्यांची कल्पना असते. एवढा प्रचंड प्राणी, पण अंग काळपट, उजेड पिऊन टाकणारं. डिपरवर तो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पण गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, पायमोजे घातल्यासारखे. रस्त्याच्या दोन्ही कडांना खालून पसरणारा फॉग लॅम्पचा उजेड आधी ते पाय दाखवतो. हे आम्हाला आजऱ्याच्या एका दूधगाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं. तेव्हापासून या रस्त्याच्या गाड्यांना आम्ही फॉग लॅम्प थोडे बाहेरच्या बाजूला, रस्त्याची कड उजळेल असे लावतो. गवा दिसला तर गाडी थांबवा, अप्पर मारत बसू नका, हॉर्न वाजवू नका, हेही प्रत्येकाला सांगतो.

हिशेबही सांगतो, कारण लोकांना तो पटतो. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. ड्रायव्हरने बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत दीड सेकंद धरला तरी 33 मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी तेवढेच. डिपरचा कामाचा उजेड साधारण 50-60 मीटर. म्हणजे उत्तम दिवे असले तरी डिपरवर 80 चा वेग जास्तच होतो. जादा दिवे घेऊन वेग वाढवायचा विचार असेल तर ते घेऊ नका, असं मी काउंटरवरच सांगतो.

फॉग लॅम्प बसवायला अवघड नाही, पण ते पावसात टिकले पाहिजेत. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे सुमारे 9 अँपिअर. त्याला 15 अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीला लागून, दिव्यापाशी नाही. वायर मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज आधी उडाला पाहिजे, नाहीतर वायर पेटते. अर्थिंग रंगावर स्क्रू मारून करायचं नाही, परत बॅटरीच्या निगेटिव्हलाच न्यायचं. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही, पाणी न शिरणारा कपलर, म्हणजे एकमेकांत बसणारा प्लग, वापरायचा. दिव्याची केबल खाली झोका घेऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून आत जात नाही.

यासाठीचे तयार हार्नेस, म्हणजे मापाने कापून कपलर लावलेले वायरींचे जुडगे, आता आम्ही स्वतः बनवतो. हा विचार माझ्या बायकोचा. पूर्वी प्रत्येक गाडीपाशी बसून वायरी कापायच्या, त्यात दिवस जायचा. तिने गाडीगणिक मापं वहीत उतरवली, फळीवर खिळे ठोकून साचे केले आणि घराच्या मागच्या खोलीत शेजारच्या दोघीतिघींना शिकवून काम सुरू केलं. प्रत्येक हार्नेस मीटरवर तपासून आणि दिवा लावून बघितल्याशिवाय पिशवीत जात नाही. निपाणी, बेळगाव, सावंतवाडीची गॅरेजं आमच्याकडून हार्नेस नेतात. दुकानाच्या कमाईतला मोठा वाटा आज त्या खोलीतून येतो, आणि नव्या गाड्यांमुळे तो वाढतो आहे. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर प्रत्येक दिव्याचा करंट ओळखतो. वायर कापून जोड मारला तर डॅशबोर्डवर इशारा येतो, वॉरंटीही धोक्यात येते. म्हणून कपलर टू कपलर, एकही मूळ वायर न कापता काम करावं लागतं.

मधल्या काळात बाजारात एचआयडी किट, म्हणजे तारेऐवजी वायूतून प्रखर उजेड देणारे दिवे, आले, मग एलईडी बल्ब आणि एलईडी बार. इथे आम्ही एक ठरवलं आणि त्यावर टिकून राहिलो. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये आम्ही एचआयडी किंवा एलईडी बल्ब घालत नाही. एच-4 बल्बमध्ये, म्हणजे अप्पर-डिपरच्या दोन तारा असलेल्या हॅलोजनमध्ये, डिपरच्या तारेखाली छोटी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते आणि झोताला कड देते. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेची जागा आणि मिलिमीटरमधली लांबी धरून काढलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराची चिप बसली, की उजेड सगळीकडे उधळतो. आपल्या गाडीसमोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, म्हणून मालक खूश होतो. समोरून येणारा मोटारसायकलवाला मात्र काही क्षण आंधळा होतो. त्याच्या मागे बायको-पोर बसलेलं असतं. आंधळा झालेला तो आपल्याच अंगावर येऊ शकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियमही समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणूनच आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचं बंधन आहे. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर, कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेव्हापासून आम्ही त्यावर दिवे चढवणंही बंद केलं. टपावरचे बार, लुकलुकणारे लाल-निळे दिवे आम्ही ठेवतच नाही. यामुळे गिऱ्हाईक गेलं, आणि पुष्कळ गेलं. "भावा, पैसे देतोय न्हवं, लाव की," म्हणणारी पोरं पुढच्या गावात जाऊन लावून घेतात. धाकटा भाऊ त्या वेळी काळजीत होता, कारण दुकानाचं कर्ज होतं. पण आप्पांनी त्याला एवढंच सांगितलं, "त्याच रस्त्यानं आपणबी रात्री येतोय." त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही.

गेलेलं काम दुसऱ्या वाटेने परत आलं. दिवे न बदलता नुसता फोकस लावून घ्यायला लोक येऊ लागले. त्यासाठी आम्ही शेडमध्ये सपाट कोबा केला आणि 25 फुटांवरच्या भिंतीवर रेघा मारल्या. दिव्याच्या मध्यापेक्षा झोताची कड त्या भिंतीवर सुमारे 3 इंच खाली पडली पाहिजे. आधी चाकांतली हवा बघायची आणि ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवायचा. मालाच्या गाडीचा फोकस रिकाम्या गाडीवर लावून उपयोग नसतो. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि दिवे झाडाच्या शेंड्यावर जातात. ज्या गाड्यांना डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांची चकती असते, ती नेमकी यासाठीच असते, आणि बहुतेकांनी ती कधी फिरवलेली नसते. पिवळट, धुरकट झालेली हेडलाइटची काच पाण्याच्या कागदाने टप्प्याटप्प्याने घासून वर ऊन अडवणारा यूव्हीचा थर दिला, की पुष्कळांना जादा दिव्यांची गरजच उरत नाही. अशा माणसाला आम्ही दिवे विकत नाही.

हंगामात आमचं आणखी एक काम चालतं, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. साधारण नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जातात, एकामागे दोन ट्रॉल्या. मागे लोंबणाऱ्या उसात ट्रॉलीचे दिवे झाकून जातात. आपल्या गाडीला कितीही दिवे लावा, न दिसणाऱ्या ट्रॉलीपुढे ते कमी पडतात. म्हणून आम्ही उसाच्या बाहेर टांगता येईल असा फळा बनवतो, त्यावर लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि लाल दिवा, आणि सात पिनांच्या सॉकेटने जोड. ट्रॅक्टर सुटला, दिवा बंद पडला तरी मागून येणाऱ्याच्या हेडलाइटमध्ये पट्टी चमकतेच, तिला बॅटरी लागत नाही. बाजूला पिवळी, पुढे पांढरी पट्टी. फळा आम्ही बनवण्याच्या खर्चातच देतो आणि बैलगाडीला पट्टी फुकट लावतो.

भाचा आयटीआय करून आता दुकानात आला आहे. पुढच्या पावसाळ्याआधी फोकस लावायची दुसरी जागा तयार करायची आहे, कारण मे अखेरीस शेडबाहेर रांग लागते. ज्यांना यायचं आहे त्यांनी दिवस मावळल्यावर यावं, आणि गाडीत रोज जेवढी माणसं आणि जेवढा माल असतो तेवढा घेऊनच यावं.